वैरागडेबाबूंची जिलबी

गेल्या आठवड्यात रेल्वे फाटकापाशी आमची बस अर्धा तास उभी होती. पुढे कोळशाचे ट्रक, मागे बांबूचे ट्रक, मधल्या फटीत शिरून अडकलेली धानाची एक बैलबंडी, आणि खिडकीतून डोकं काढून त्या बैलांच्या सात पिढ्या उद्धरणारा आमचा ड्रायव्हर. शेजारच्या बाई पदरानं वारा घेत म्हणाल्या, "या चौकाचा कोनी कधी विचारच केला नाई वाटते."

"केला होता," मी म्हटलं. "एका माणसानं नऊ वर्षं केला होता."

"मंग?"

"मग काही नाही."

फाटक उघडलं, बस हलली. पुढचं मी त्यांना सांगितलं नाही, कारण ते सांगायचं तर माझ्याबद्दलही सांगावं लागलं असतं. आता पन्नाशी आली. सांगायला हरकत नाही.

चंद्रपूरला तेव्हा चांदा म्हणत. पन्नासच्या दशकातली गोष्ट. तिथल्या रस्त्यांच्या एका कचेरीत मी ट्रेसर म्हणून लागले. वय एकोणीस, मॅट्रिक पास, अक्षर चांगलं, वडील नाहीत. ट्रेसरचं काम सोपं नसतं, पण सांगायला सोपं आहे. ड्राफ्ट्समननं पेन्सिलीनं काढलेल्या नकाशावर ट्रेसिंगचं कापड ताणायचं आणि खालची प्रत्येक रेघ शाईनं वर उतरवायची. हे कापड निळसर, चकचकीत, खळ दिलेलं असतं. त्यावर पाण्याचा थेंब पडला की तिथली खळ सुटते आणि पांढरा डाग उठतो. चांद्याच्या मे महिन्यात अंगातून पाण्याशिवाय दुसरं काही निघत नाही. मी मनगटाला फडकं बांधून काम करत असे.

वैरागडेबाबू आमचे हेड ड्राफ्ट्समन. वाळके, उंच, मान डावीकडे कललेली. बाकीच्या ड्राफ्ट्समनच्या कानामागे पेन्सिल असे, यांच्या कानामागे ब्लेड. चुकलेली शाई खरवडायला ब्लेड सगळेच वापरतात, पण वैरागडेबाबू ते खरवडण्यासाठी क्वचितच काढत. भिंग लावून नकाशा पाहायचे, चूक सापडली की कानामागचं ब्लेड काढायचे आणि कड तेवढी शाबूत ठेवून नकाशा या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत फाडायचे, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांमधून. फुली. पंधरा दिवसांचं काम असो की महिन्याचं. फाडलेले नकाशे फेकत नसत. गुंडाळ्या करून फळीवर ठेवत, नवीन माणूस लागला की त्याला दाखवायला.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "थांबायचं काम नाई." हे ते सगळ्याला लावत. आमचा शिपाई लटारू गच्चीवर काचेच्या चौकटीत नकाशे उन्हाला धरून निळ्या प्रिंट काढत असे. एकदा सकाळीच त्याला गावाहून निरोप आला, सासू गेली. तो सुट्टी मागायला आला.

"गेली?" वैरागडेबाबूंनी विचारलं.

"हो बाबू."

"मंग आता तिले कायची घाई हाय? तीन प्रिंटा राह्यल्या. काढ अन् जा. थांबायचं काम नाई."

लटारूनं तीन प्रिंटा काढल्या. गावी पोचला तेव्हा सगळं आटोपलं होतं. हे त्यानंच मला सांगितलं, आणि सांगताना तो हसत होता. आमच्याकडे काही माणसं अशी हसतात.

वैरागडेबाबूंची बायको ब्रह्मपुरीला भावाकडे राहत असे. का, ते कोणी विचारत नसे. एकदा कचेरीच्या साहेबांनी विचारलं तर म्हणाले, "दोन रस्ते येगळे गेले का धडक होत नाई." साहेबांना वाटलं ते रस्त्यांबद्दलच बोलले.

आणि आता रस्ते.

फाटकाजवळ चार रस्ते एकत्र येत. एक नागपूरचा, बसचा. एक मूल आणि सावलीकडून येणारा, धानाच्या बंड्यांचा. एक आलापल्लीच्या जंगलातून येणारा, सागवानाचा, त्यावर ट्रकही आणि बंड्याही. चौथा गावात जाणारा. फाटक पडलं की चारही बाजूंनी गर्दी साचे आणि उघडलं की सगळे एकदम आत घुसत. वैरागडेबाबूंनी कुठल्यातरी विलायती मासिकात एक फोटो पाहिला होता, विमानातून काढलेला. रस्त्यावरून रस्ता जातो, आणि चार कोपऱ्यांत चार गोल वळणं, फुलाच्या पाकळ्यांसारखी. कोणतंही वाहन कुठूनही येवो, कुठंही जावो, त्याला थांबावं लागत नाही. असलं बांधकाम त्यांनी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. आमच्यापैकी कोणीच नव्हतं. तो फोटो पाहिला त्या दिवसापासून त्यांनी आमच्या फाटकाचा नकाशा सुरू केला.

कचेरीनं त्याला नाव दिलं जिलबी.

लटारू म्हणे, "बाबू, सावलीले जानारा मानूस तुमच्या जिलबीत शिरला तं फिरून चांद्यालेच निंगते."

"तुह्यासारखा गाढव शिरला तं निंगन."

खरं म्हणजे ते समजून घेतलं की अवघड नव्हतं. उजवीकडं जायचं असेल तर आधी पूल ओलांडायचा, मग डावीकडे वळत वळत पाऊण फेरा घ्यायचा, की आपोआप खालच्या रस्त्याला हवं त्या दिशेनं लागतो. कोणाला कोणाच्या आडवं जावं लागत नाही. लोक हसत की उजवीकडं जाणाऱ्यानं डावीकडं वळायचं म्हणे. शिवाय त्या काळी चांद्यात तासाला मोजून तीनचार ट्रक येत. "एवढ्यासाठी पूल?" असं साहेबांनी विचारलं. वैरागडेबाबू म्हणाले, "आज नाई साहेब. ईस वर्षांनी." वीस वर्षं कधीच होऊन गेली. मी त्या बसमध्ये बसले होते.

विलायतच्या नकाशात बैल नव्हते. वैरागडेबाबूंनी ते घातले. बंड्यांसाठी खालून वेगळा रस्ता, तीस फुटांत एक फुटापेक्षा जास्त चढ नाही, कारण भरलेली बंडी घेऊन बैल त्यापुढे चढत नाही, थांबतो. पण सागवानाच्या बंडीचं एक वेगळंच दुखणं. ओंडका बंडीच्या मागे दोन पुरुष उंचीइतका लांब लोंबतो. बंडी उजवीकडं वळली की ओंडक्याचं शेपूट डावीकडं झाडू मारतं. किती, ते कोणत्याही पुस्तकात नव्हतं.

म्हणून एका मे महिन्यात त्यांनी कचेरीमागच्या मैदानात चुन्याच्या रेघांनी खऱ्या मापाचं वळण आखलं आणि रस्त्यावरून सागवान घेऊन जाणारी पहिली बंडी थांबवली. बंडीवाला सावलीकडचा, सोमाजी नावाचा, डोक्याला फटकूर बांधलेला म्हातारा. सरकारी माणसानं बोलावलं म्हणून आला. वैरागडेबाबू म्हणाले, या रेघेवरून चाल. तो चालला. परत चाल म्हणाले. दर फेरीला त्यांनी टेप लावून ओंडक्याचं टोक चुन्याच्या किती बाहेर गेलं ते मोजलं आणि मी वहीत लिहिलं. अकराव्या फेरीला सोमाजी म्हणाला, "बाबू, बैलं तहानले."

"पानी पाजलं का चाल बदलते. मले खरी चाल पायजे."

"बाराच्या उनात खरीच चाल हाय बाबू."

"चाल. थांबायचं काम नाई."

एकोणिसाव्या फेरीला डावा बैल गुडघ्यांवर बसला आणि मग आडवा झाला. सोमाजी जू सोडायला धावला. वैरागडेबाबू टेप घेऊन धावले, पण बैलाकडे नाही, ओंडक्याच्या टोकाकडे. तिथं वाकून ओरडले, "काऊन बाई, लिहून राह्यली का नाई? पावणेतीन फूट! पडतानी सगळ्यात जास्त गेलं!"

मी लिहिलं. हात थांबला नाही, हेही सांगून टाकते.

सोमाजीनं स्वतःच्या भोपळ्यातलं पाणी बैलाच्या नाकावर ओतलं. मग वर न पाहताच विचारलं, "बाबू, तुमाले लेकरंबाळं हायेत का?"

"नाई."

"बरं झालं."

बैल संध्याकाळी उठला, पण त्या हंगामात जुवाखाली आला नाही असं लटारू म्हणाला. सोमाजी त्यानंतर आमच्या कचेरीसमोरून कधी गेला नाही. कोसभराचा फेरा घालून जात असे. आणि नकाशात बंड्यांच्या रस्त्याची बाहेरची कड बरोबर पावणेतीन फुटांनी रुंद झाली. काम चोख होतं. ते नाकारता येणार नाही.

त्या नकाशाचं ट्रेसिंग माझ्याकडे आलं. पहिलं पाच आठवडे चाललं. अर्ध्याच्या वर झालं असताना एका दुपारी माझ्या हनुवटीवरून घामाचा एक थेंब कापडावर पडला. ज्वारीच्या दाण्याएवढा डाग. वैरागडेबाबूंनी भिंग न लावताच पाहिला.

"घाम वावरात गाळाचा. इथी नाई." आणि फुली.

दुसऱ्या वेळी डाग नव्हता. त्यांनी भिंगातून पाऊण तास पाहिलं आणि एका पाकळीपाशी बोट टेकलं. सरळ रेघ संपून जिथं वळण सुरू होतं तिथं त्यांना सांधा दिसत होता. मला तेव्हाही दिसला नाही, आजही तो होता असं मी म्हणणार नाही. "शाई पातळ हाय तुही. पातळ शाईनं सांधा लपत नाई." फुली. संपूर्ण खोलीसमोर. त्या दिवशी मी घरी जाऊन आईवर ओरडले आणि तिनं काय केलं होतं तेही मला आठवत नाही.

तिसरं पूर्ण झालं. बंड्यांच्या रस्त्यासकट, पावणेतीन फुटांसकट. त्यांनी दोन दिवस पाहिलं, गुंडाळलं आणि काही न बोलता पत्र्याच्या नळीत घातलं. बोलण्यासारखं काही सापडलं नाही एवढाच त्याचा अर्थ.

त्याची एक प्रिंट फाइलीबरोबर नागपूरला गेली. तेवढ्यात राज्यांची फेररचना झाली, आम्ही जुन्या राज्यातून मुंबईच्या राज्यात गेलो आणि ती फाइल भोपाळला गेली की मुंबईला, का वाटेतच राहिली, ते शेवटपर्यंत कळलं नाही. पेन्सिलचा मूळ कागद आणि मापांच्या वह्या एका पावसाळ्यात वाळवीनं खाल्ल्या. वैरागडेबाबू त्या चिखलासारख्या गोळ्यापुढे बसून म्हणाले, "कागदाचा भरोसा नाई. कापड टिकते." नऊ वर्षांतलं आता एकच धड कापड उरलं होतं.

आणि मग दसऱ्याच्या तोंडावर पत्र आलं. मुंबईचे मोठे इंजिनिअर दौऱ्यावर येणार, दसऱ्यानंतर आठव्या दिवशी, आणि फाटकाच्या चौकाचा नकाशा पाहणार. त्यांच्या हातात मंजुरी होती. वैरागडेबाबूंची नोकरी दोन महिने उरली होती. हे कचेरीत सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे हत्यारांची पूजा होई. टी-स्क्वेअर, कंपासपेट्या, रेघा ओढायची पेनं, सगळं धुऊन टेबलावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडूची फुलं. त्या वर्षी वैरागडेबाबूंनी नळीतून आपला नकाशा काढून मधोमध ठेवला. पूजेच्या आदल्या दिवशी लटारूनं फळ्या झाडल्या होत्या, जुन्या फिती फेकून सगळ्या गुंडाळ्यांना, नळीतल्यालाही, सारख्याच नव्या बांधल्या होत्या, आणि पूजा झाल्यावर वाटायच्या म्हणून रद्द गुंडाळ्या त्याच टेबलाच्या कडेला रचल्या होत्या. कारण पूजेनंतर रद्द कापड वाटायची रीत होती. ट्रेसिंगचं कापड उकळलं की खळ आणि शाई निघून जाते आणि खाली उरतं ते इतकं मऊ सुती कापड की बाजारात मिळायचं नाही. आमच्या कचेरीतल्या कितीतरी लेकरांची पहिली झबली जुन्या रस्त्यांची होती.

पूजेची फुलं आवरताना टेबलावरचं मधलं सगळं त्या ढिगाकडे सरकलं होतं. वाटप वैरागडेबाबू स्वतः करत. रांगेत उभं करून, ज्याचा राग असेल त्याला लहान तुकडा. माझ्या बहिणीला बाळ होऊन बारा दिवस झाले होते. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "बाबू, बहिणीले लेकरू झालं. झबल्यापुरतं चांगलं कापड द्या."

"चांगलं? तू चांगलं काम कवा केलं?" त्यांनी ढिगातून, माझ्या अक्षरात चौकाचं नाव लिहिलेली एक गुंडाळी उचलली आणि माझ्या अंगावर टाकली. "हे घे. तुह्याच हातचं हाय. बाह्यासाठी कापाची गरज नाई, मी आधीच कापून ठेवलं."

सगळे हसले. लटारूही हसला. मग त्यांनी दुसरी गुंडाळी, तीही माझ्याच अक्षरातली, नळीत घातली, झाकणाला लाख लावली आणि म्हणाले, "आता साहेबासमोरच उघडीन. तुमच्या हाताचा भरोसा नाई मले."

घरी येऊन मी अंगणात गुंडाळी सोडली. कापड सपाट पसरलं. एकही चीर नव्हती. चार पाकळ्या, पूल, बंड्यांचा रस्ता, रुंद केलेली कड, सगळं जागच्या जागी. मी कडेला बसून एकदा पूर्ण पाहिलं. काम चांगलं होतं. माझं काम.

आईनं चुलीवर पातेलं ठेवलं होतं. ती हात पुशीत आली. "हे तं फाटलं नाई व."

"नाई."

"कामाचं दिसते."

"बाबूनं देल्लं."

"मंग टाकू पान्यात?"

वैरागडेबाबूंचं घर दोन गल्ल्या पलीकडे होतं. जाऊन परत येईपर्यंत पाणीही उकळलं नसतं.

"टाक," मी म्हटलं.

पाणी आधी निळं झालं, मग राखाडी, मग काळं. आईनं दोनदा पाणी बदललं.

आठव्या दिवशी मोठे इंजिनिअर आले. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, म्हणजे वेळ कमी आहे हे सगळ्यांना कळावं. वैरागडेबाबू इस्त्रीचा कोट घालून आले होते. त्यांनी लाख फोडली, गुंडाळी काढली आणि साहेबांना नीट दिसावं म्हणून दोन्ही हातांनी खिडकीपुढे उजेडात धरली.

फुलीच्या चिरांतून ऊन सरळ आत आलं. चार तुकडे चार बाजूंना लोंबले. अर्धा नकाशा, त्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा डाग.

"हे काय आहे?" साहेब म्हणाले.

वैरागडेबाबूंनी चिरेवरून बोट फिरवलं. स्वतःच्या ब्लेडचा हात त्यांनी ओळखला. मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "जिलबी तुटली," आणि दोनतीन जण खोकल्यासारखं हसले.

"साहेब, दुसरं हाय. पुरं. थोडा येळ द्या मले…"

"रिटायर व्हायला किती राहिलेत?"

"दोन महिने."

"मग कशाला त्रास घेता? आराम करा." साहेबांनी घड्याळ मनगटावर चढवलं.

वैरागडेबाबूंनी खोलीभर पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे. मी पेनमध्ये शाई भरत होते. ती भरून झाली, मी पहिली रेघ ओढली. ती सरळ आली.

दुपारी व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं. आवाज चढलेला नव्हता.

"धुतलं?"

"हो."

"केवढं निंगालं?"

"चार झबली. दोन रुमाल."

"शाई गेली?"

"सगळी."

मान कललेलीच ठेवून त्यांनी कानामागचं ब्लेड सारखं केलं. मग म्हणाले, "मंग पातळच होती. मी सांगत होतो तुले."

माझी तक्रार त्यांनी केली नाही. लोक म्हणतील मोठ्या मनाचे. मला तसं वाटत नाही. तक्रार करायची तर गुंडाळी स्वतःच्या हातानं दिली, तीही न उघडता, हे लिहून द्यावं लागलं असतं. वैरागडेबाबूंनी आयुष्यात स्वतःची चूक लिहून दिली नव्हती. उरलेले दोन महिने ते रोज आले आणि माझे आणखी दोन नकाशे त्यांनी फाडले.

शेवटचं पाहिलं ते पुढच्या फाल्गुनात. मी बहिणीकडे दारात बसून तांदूळ निवडत होते. अंगणातल्या दोरीवर झबली वाळत होती. वैरागडेबाबू रस्त्यानं जात होते, हातात छत्री, अंगात तोच कोट. दोरीपाशी थांबले. एक झबलं काढलं, दोन्ही हातांनी ताणून उन्हासमोर धरलं. खिशातून भिंग काढलं. एक बाजू पाहिली, उलटवून दुसरी पाहिली, शिवण उसवल्यासारखी दोन्हीकडं ओढून पाहिली. मग दुसरं. मग तिसरं. चौथं बाळाच्या अंगावर आत होतं. तिन्ही परत दोरीवर टाकली, कडा जुळवून, बरोबर सारख्या अंतरावर, आणि मान कललेली तशीच घेऊन फाटकाच्या दिशेनं गेले. मी हाक मारली नाही.

त्यांना काही सापडलं नाही. सापडणार नव्हतंच. शाई पातळ नव्हती. कापड वाळल्यावर मी ते असंच उन्हात धरून इंच इंच पाहिलं होतं, आणि एका कोपऱ्यात पाकळीचं एक वळण, पुसट पण अखंड, राहून गेलं होतं. तेवढा तुकडा मी शिवायला बसण्याआधी कापून चुलीत घातला.